‘७० पौंड ओढा आणि रानात चला’ हा सल्ला का चुकीचा आहे

धनुष्यबाणाने शिकार शिकू पाहणाऱ्या नवख्यांमध्ये एक सल्ला फार फिरतो. तो थोडक्यात असा: ७० पौंडांचं, म्हणजे दोरी ओढायला तेवढा जोर लागणारं, कंपाउंड धनुष्य घ्या, हात आपोआप तयार होतो. २० यार्डांवर बाण ताटलीएवढ्या जागेत बसू लागले की झालं, पंधरा दिवस पुरे. आजची धनुष्यं इतकी वेगवान आहेत की ४० यार्डांवरही सावजाला हलायला वेळ मिळत नाही. आणि बाण लागला की लगेच मागे धावा, नाहीतर सावज हातचं जाईल. यातलं एकेक वाक्य मला खोडायचं आहे, कारण त्याची किंमत सल्ला देणारा मोजत नाही आणि घेणाराही मोजत नाही. पोटात बाण घेऊन रात्रभर झुडपात पडलेलं हरीण ती मोजतं.

आधी ७० पौंडांचं बघू. कंपाउंड धनुष्याच्या टोकांना कॅम, म्हणजे फिरती चाकं, असतात. दोरी पूर्ण ओढली की ते बराचसा भार स्वतःवर घेतात. ही भारातली सूट, म्हणजे लेट-ऑफ, ८० टक्के असेल तर ७० पौंडांचं धनुष्य शेवटी १४ पौंडांवर धरता येतं. म्हणून ते सोपं वाटतं. पण तिथवर पोचण्याआधी ७० पौंडांचा चढ प्रत्येक वेळी पार करावाच लागतो, आणि रानात तो चढायचा असतो तीन तास थंडीत निश्चल बसल्यानंतर, जाड कपड्यांत, आवाज न करता. ज्याला हे झेपत नाही तो धनुष्य आकाशाकडे नेतो, खांद्याला हिसका देऊन दोरी ओढतो आणि तेवढ्या हालचालीने सावज निघून जातं. खांदा दुखावतो तो वेगळाच.

याची घरच्या घरी परीक्षा करता येते. समोर बाण थोपवणारं लक्ष्य ठेवा, धनुष्याला बाण लावा, खुर्चीवर बसून दोन्ही पाय जमिनीवरून उचला आणि धनुष्य लक्ष्याकडे सरळ धरून सावकाश ओढा. धनुष्य वर न्यावं लागलं तर भार जास्त आहे, तो कमी करा. बाण न लावता दोरी कधीही सोडू नका. बाणात जायची ताकद धनुष्यातच फुटते, कॅम तुटू शकतात, दोरी तोंडावर येऊ शकते.

कमी भारात बाण आत जाणार नाही, ही भीती हरणापुरती तरी खोटी आहे. ब्रॉडहेड, म्हणजे शिकारीच्या बाणाचं पात्यांचं टोक, बंदुकीच्या गोळीसारखा धक्का देत नाही. त्याचं धारदार पातं कापत जातं आणि सावज रक्तस्रावाने मरतं. म्हणून धार आणि जागा या दोन गोष्टी आधी येतात, भार नंतर. अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्यात शिकारीच्या धनुष्याला किमान ३५ पौंडांची अट आहे. ४० ते ४५ पौंड, वस्तऱ्यासारखं पातं आणि खांद्याच्या किंचित मागे, छातीत नेमका लागलेला बाण हरणाला पुरेसा असतो. भारापेक्षा ओढीची लांबी, म्हणजे दोरी किती मागे ओढायची ते, महत्त्वाची, आणि तिचा या सल्ल्यात उल्लेखही नाही. दोन्ही हात पसरून एका मधल्या बोटापासून दुसऱ्यापर्यंतचं अंतर इंचांत मोजा आणि त्याला अडीचने भागा. सुरुवातीला तेवढा अंदाज चालतो.

आता ताटली. मैदानावर अंतर माहीत असतं, जमीन सपाट असते, चुकलेल्या बाणानंतर दुसरा बाण असतो. रानात हे तिन्ही नसतं. बाणाचा वेग सेकंदाला २८० फूट धरला, तर ३५ यार्डांवरचं हरीण ३० यार्डांवर आहे असं समजून सोडलेला बाण सुमारे १० सेंटीमीटर खाली लागतो. हरणाच्या हृदय-फुफ्फुसांची जागा २०-२५ सेंटीमीटर रुंद असते. म्हणजे नेम तिच्या मध्यावर बिनचूक धरूनही, पाच यार्डांच्या चुकीने बाण कडेला येतो. त्यात हाताची थोडीशी चूक मिसळली की तो बाहेर. अंतर डोळ्यांनी ओळखण्याचा सराव करा आणि अंतरमापक जवळ ठेवा. मचाणावरून खाली सोडताना तिरकं अंतर मोजू नका, आडवं मोजा.

मी नवख्यांना एकच गोष्ट महिनाभर करायला लावतो: रोज एक बाण. हात गरम न करता, अनोळखी अंतरावरून, शिकारीचेच कपडे घालून. तो कुठे लागला ते वहीत लिहायचं. शिकारीच्या दिवशी तुमच्याकडे तोच एक बाण असतो. शेवटचे काही दिवस ब्रॉडहेड लावूनच सोडा, कारण त्याची पाती हवा धरतात आणि फील्ड पॉइंट, म्हणजे सरावाचं बिनपात्याचं टोक, जिथे जात होतं तिथे ते जाईलच असं नाही.

सगळ्यात घातक वाक्य वेगाचं आहे. ४० यार्ड म्हणजे ३६.६ मीटर. २८० फुटांच्या वेगाने बाणाला तिथे पोचायला ०.४३ सेकंद लागतात, दोरीचा आवाज ०.११ सेकंदातच पोचतो. हरणाच्या हाती ०.३२ सेकंद उरतात. दचकलेलं हरीण उडी घेण्याआधी पाय दुमडतं, त्याची छाती खाली येते. निम्मा वेळ नुसता दचकण्यात गेला तरी उरलेल्या निम्म्यात ती १२ सेंटीमीटर खाली जाऊ शकते, आणि बाण पाठीत लागतो किंवा वरून जातो. २० यार्डांवर हा सगळा हिशेब ०.१६ सेकंदात संपतो. दचकून होतं न होतं तोच बाण पोचलेला असतो. यावर वेगवान धनुष्य हा उपाय नाही, जवळ जाणं हा आहे.

इशीची गोष्ट इथे सांगायलाच हवी. ‘याही’ (Yahi) नावाच्या मूळनिवासी जमातीचा हा शेवटचा माणूस १९११ मध्ये कॅलिफोर्नियात लोकांसमोर आला आणि पुढे त्याने सॅक्सटन पोप या डॉक्टरला धनुष्याची शिकार शिकवली. १९१६ मध्ये तो वारला. त्याची ताकद होती दबा धरण्यात, वारा ओळखण्यात, सशाचा आर्त आवाज काढून प्राण्याला आपल्याकडे बोलावण्यात. नवख्याने पहिला हंगाम याच शिक्षणाला द्यावा. सावज पूर्ण आडवं किंवा किंचित पाठमोरं उभं असेल तरच सोडावं. समोरून, पळताना, फांद्यांआडून अजिबात नाही.

कायद्याबद्दल हा सल्ला गप्प आहे. ब्रिटनमध्ये धनुष्याने शिकार करायला बंदी आहे. भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने वन्य प्राण्यांच्या शिकारीवरच बंदी आहे, आणि तिथे धनुष्य फक्त लक्ष्यावरच चालवावं. जिथे परवानगी आहे तिथेही परवाना, हंगाम आणि बऱ्याच ठिकाणी प्रशिक्षण लागतं. मचाणावर चढणार असाल तर पाय जमिनीवरून सुटल्यापासून परत टेकेपर्यंत सुरक्षेचा पट्टा बांधलेला असू द्या.

राहिलं ‘लगेच मागे धावा’. नेमकं उलट करायचं. बाण लागला ती जागा आणि हरीण शेवटचं दिसलं ती जागा मनात पक्की करा आणि जिथे आहात तिथेच थांबा. जखमी सावज पाठलाग झाला नाही तर बहुधा जवळच कुठेतरी बसतं. उठवलं तर ते मैलभर जातं आणि रक्ताचा माग तुटतो. मग बाण बघा. त्यावर गुलाबी, फेसाळ रक्त असेल तर फुफ्फुस लागलं आहे, अर्धा तास थांबा. रक्त गडद लाल असेल तर बहुधा यकृत, तीन-चार तास थांबा. हिरवट घाण आणि दुर्गंधी असेल तर पोट, आठ ते बारा तास. निघालात की मागाच्या बाजूने चाला, त्याच्यावरून नाही. प्रत्येक थेंबाजवळ कागदाचा कपटा लावत जा. माग हरवला की शेवटच्या कपट्याशी परत या, मागे वळून कपट्यांची ओळ कुठल्या दिशेने आली आहे ते बघा आणि तिथून पुढे गुडघ्यांवर बसून एकेक पान तपासा.