हॉलचा विमा हॉलचा असतो, तुमचा नाही

लाइव्ह साउंड करणाऱ्यांमध्ये एक मेसेज वर्षानुवर्षं फिरतो आहे. त्याचा मजकूर थोडक्यात असा: ‘फ्रीलान्सरला विमा लागत नाही. हॉलचा आणि आयोजकाचा विमा असतोच. आपण फक्त फेडर (मिक्सरवरच्या आवाज कमी-जास्त करायच्या पट्ट्या) हलवतो, आपल्या हातून कोणाला काय इजा होणार? आपलं सामान घराच्या पॉलिसीत येतं, भाड्याची सिस्टिम ही भाडेवाल्याची जबाबदारी. आणि विमा कंपन्या तशाही क्लेम देत नाहीत. त्यापेक्षा प्रीमियमचे पैसे दर महिन्याला बाजूला टाका.’

या धंद्यात नुकतीच आलेली मुलं हा मेसेज खरा मानून काम घेतात, म्हणून हे सविस्तर लिहितो आहे. मेसेज पूर्ण खोटा नाही, त्यामुळेच तो जास्त घातक आहे.

आधी हॉलचा विमा. पॉलिसीवर विमाधारक म्हणून ज्याचं नाव असतं, त्याच्यासाठीच ती असते. समजा, तुम्ही वाटेतून टाकलेल्या मल्टीकोअर केबलला अडखळून एक प्रेक्षक पडला आणि त्याचं मनगट मोडलं. त्याने हॉलवर दावा केला. हॉलची विमा कंपनी त्याला भरपाई देईल आणि मग विचारेल, ही केबल टाकली कोणी? दिलेले पैसे खऱ्या जबाबदार माणसाकडून वसूल करण्याचा हक्क विमा कंपनीला असतो. त्याला सब्रोगेशन म्हणतात. म्हणजे ज्या पॉलिसीच्या भरवशावर तुम्ही निर्धास्त होतात, तीच देणारी कंपनी वकील घेऊन तुमच्यासमोर उभी राहू शकते. हॉलने किंवा आयोजकाने त्यांच्या पॉलिसीत तुमचं नाव अतिरिक्त विमाधारक म्हणून घातलं असेल, तर गोष्ट वेगळी. पण ते आपोआप होत नाही, लेखी मागून घ्यावं लागतं. बहुतेकदा होतं उलटंच: हॉलच तुमच्याकडे पब्लिक लायबिलिटीचं, म्हणजे तुमच्यामुळे इतरांना झालेल्या इजेची-नुकसानीची भरपाई देणाऱ्या विम्याचं, सर्टिफिकेट मागतो. सगळं हॉलच्या विम्यात येत असतं तर त्याने ते मागितलंच नसतं.

शिवाय अपघात झाला की बोट एकाच माणसाकडे दाखवलं जात नाही. 13 ऑगस्ट 2011 रोजी अमेरिकेत इंडियाना स्टेट फेअरमध्ये वादळी वाऱ्याने स्टेजवरचा सांगाडा कोसळला आणि 7 माणसं गेली. त्यानंतर चौकशा, दंड आणि दावे फक्त आयोजकांपाशी थांबले नाहीत. सांगाडा पुरवणारी कंपनी, स्टेजहँडची (स्टेजवरच्या कामगारांची) युनियन, त्या रात्री गाणारा बँड, सगळ्यांना त्याला तोंड द्यावं लागलं. अशा वेळी आपली चूक नव्हती हे सिद्ध करायलाही वकील लागतो. लायबिलिटी पॉलिसीत बचावाचा खर्च साधारणपणे धरलेला असतो. माझ्या मते तिचं निम्मं मोल तिथेच आहे, आणि मेसेजमध्ये त्याचा उल्लेखही नाही.

आता ‘फक्त फेडर हलवतो’ हे वाक्य. याचा मला खरोखर राग येतो, कारण आपल्या कामातला सगळ्यात मोठा धोका त्यात झाकला जातो. आपण माणसांच्या कानांशी खेळतो. 85 डेसिबल 8 तास हा कामाच्या ठिकाणचा एक परिचित मापदंड आहे. त्यात दर 3 डेसिबलला सुरक्षित वेळ निम्मी होते. या हिशोबाने 100 डेसिबलला उरतात 15 मिनिटं. जागतिक आरोग्य संघटनेने 2022 मध्ये संगीताच्या ठिकाणांसाठी मानक दिलं, त्यात प्रेक्षकांसाठी 15 मिनिटांच्या सरासरीची मर्यादा 100 डेसिबल ठेवली आहे. पूर्ण लांबीच्या शोमध्ये आपण तिच्या किती जवळ असतो हे प्रत्येकाला माहीत आहे. आणि वादकाच्या इन-इअरमध्ये (कानात घातलेल्या मॉनिटरमध्ये) अचानक फीडबॅकची कर्कश शिट्टी गेली, तर तो कानापासून दूर पळूही शकत नाही.

हे कोर्टात टिकत नाही असं कोणाला वाटत असेल, तर लंडनच्या रॉयल ऑपेरा हाउसचं प्रकरण पाहावं. तिथल्या एका व्हायोलावादकाच्या श्रवणशक्तीला 2012 मध्ये सरावाच्या वेळी इजा झाली. मागे बसलेल्या ब्रास वाद्यांच्या आवाजामुळे ती झाली, असा त्याचा दावा होता. 2018 मध्ये तिथल्या हायकोर्टाने निकाल त्याच्या बाजूने दिला आणि 2019 मध्ये अपिलातही संस्थेची जबाबदारी कायम राहिली. तिथे तर स्पीकरही नव्हते. म्हणून पॉलिसी घेताना श्रवणहानी वगळलेली आहे का, हा प्रश्न लेखी विचारा, आणि शोमधल्या आवाजाच्या पातळीची नोंद ठेवा. पुढे दावा आलाच तर ती नोंद तुमच्या बाजूने बोलेल.

घराच्या पॉलिसीबद्दल फार लिहायची गरज नाही. व्यवसायासाठी वापरायची उपकरणं घरगुती पॉलिसीत सहसा वगळलेली असतात किंवा अगदी छोट्या रकमेपुरती धरलेली असतात. आपली प्रत काढून वाचा, पाच मिनिटांचं काम आहे.

भाड्याच्या सिस्टिमबाबत मेसेज सरळ चुकीचा आहे. भाड्याच्या करारात माल ताब्यात घेतल्यापासून परत देईपर्यंतची जबाबदारी बहुतेक वेळा घेणाऱ्यावर टाकलेली असते. मिक्सिंग कन्सोलवर पाणी सांडलं तर दुरुस्तीचे पैसे तुमचे. शिवाय दुरुस्ती होईपर्यंत तो भाड्याने जाऊ शकला नाही, त्या बुडालेल्या दिवसांचे पैसेही अनेक करार मागतात. साध्या उपकरण विम्यात फक्त स्वतःच्या मालकीचं सामान येतं. भाड्याने घेतलेलं सामान वेगळं लिहून घ्यावं लागतं. आणि क्लिप होईपर्यंत, म्हणजे आवाज फाटेपर्यंत, रेटून जाळलेले स्पीकरचे ड्रायव्हर बऱ्याच पॉलिसींत ‘अंतर्गत बिघाड’ म्हणून बाहेर राहतात, हेही धरून चला.

‘क्लेम देत नाहीत.’ हा राग मला समजतो, कारण मीही त्यातून गेलो आहे. शो संपवून जेवायला थांबलो, गाडीतून वायरलेस मायक्रोफोनची केस गेली, आणि क्लेम नाकारला गेला. पॉलिसीत लिहिलं होतं की गाडीजवळ माणूस नसेल तर सामान बंद डिकीत, बाहेरून दिसणार नाही असं हवं. माझी केस मागच्या सीटवर होती. कलम आधीपासून होतं, मी ते नंतर वाचलं.

क्लेम अडतो तो बहुधा अशाच ठरावीक ठिकाणी. सामानाची खरी किंमत आहे त्याच्या निम्म्याच रकमेचा विमा काढला असेल, तर अनेक पॉलिसी छोट्या नुकसानीचीही निम्मीच भरपाई देतात. प्रपोजल फॉर्मवर ‘साउंड मिक्सिंग’ एवढंच लिहिलं आणि प्रत्यक्षात स्पीकर ट्रसवर (धातूच्या सांगाड्यावर) टांगण्याचं कामही केलं, तर टांगलेल्या वस्तूचा अपघात अंगावर येतो. फॉर्ममध्ये आपण करतो ते सगळं काम लिहा, केबल ओढण्यापासून उंचीवर चढण्यापर्यंत.

राहिला पैसे बाजूला टाकण्याचा मुद्दा. यात तथ्य आहे, आणि तेवढं मान्य करायलाच हवं. चार मायक्रोफोन, दोन डीआय बॉक्स (वाद्य मिक्सरला जोडायचे डबे), काही केबल गेल्या तर त्या स्वतःच्या साठवणीतून भरून काढणं शहाणपणाचं ठरू शकतं, कारण नुकसान जास्तीत जास्त किती होईल हे आधीच माहीत असतं. लायबिलिटीचं तसं नाही. स्टँडवरून पडलेला टॉप स्पीकर एखाद्याच्या पाठीच्या कण्यावर आदळला, तर त्याची वर्षानुवर्षांची कमाई आणि उपचार मोजले जातात. दर महिन्याला टाकलेली चिल्लर तिथवर कधीच पोचत नाही, आणि अपघात साठवण पूर्ण होण्याची वाट पाहत नाही. म्हणून पैसे थोडेच असतील तर उपकरणांचा विमा पुढे ढकला, पब्लिक लायबिलिटी आधी घ्या.

या मेसेजच्या काही आवृत्त्यांत शेवटी एक ओळ असते: ‘विमा मोठ्या टूरवाल्यांसाठी.’ मोठ्या टूरवर रिगर (उंचावर सामान टांगणारा) वेगळा, सिस्टिम टेक वेगळा, मॉनिटर इंजिनिअर वेगळा असतो. छोट्या शोला गाडीतून सबवूफर उतरवणारे, स्टँड उभे करणारे, केबलवर गॅफर टेप लावणारे आणि मिक्स करणारे हात एकाच माणसाचे असतात. काही चुकलं तर दुसरं कोणाचं नाव पुढे येणारच नसतं.