कमी छापलं म्हणजे दुर्मीळ झालं, असं नाही

"१९९६ ते २००० या काळातले अमेरिकन सुपरहिरो कॉमिक्स इतके कमी छापले गेले की त्यातला कुठलाही अंक आज ना उद्या सोन्याच्या भावाने जाणार. दिसेल तो घ्या, पिशवीत घाला आणि उघडू नका." हा मजकूर थोड्याफार फरकाने सतत फिरत असतो. सोबत यादी असते: बंद पडलेल्या मालिकांचे शेवटचे अंक, न्यूजस्टँड प्रती (म्हणजे कॉमिक्सच्या दुकानांऐवजी वर्तमानपत्रांच्या स्टॉलवर विकलेल्या), कंपनीने परत मागवलेले अंक, प्रमाणपत्रासह विकलेली मर्यादित मुखपृष्ठं. नवीन संग्राहक ही यादी समोर ठेवून खरेदी करतात आणि वर परदेशातून मागवण्याचा टपालखर्चही सोसतात. म्हणून एकेक मुद्दा नीट तपासायला हवा.

पार्श्वभूमी खरी आहे, ती नाकारण्यात अर्थ नाही. १९९१मध्ये 'एक्स-मेन'च्या नव्या मालिकेच्या पहिल्या अंकाच्या ८० लाखांहून जास्त प्रती दुकानदारांनी मागवल्या होत्या. भाव चढेल या आशेने केलेली ती सट्टेबाजी होती आणि तो फुगा फुटला. १९९४च्या अखेरीस मार्व्हलने हीरोज वर्ल्ड ही वितरण कंपनी विकत घेतली आणि १९९५पासून आपला माल फक्त तिच्यामार्फत द्यायला सुरुवात केली. बाकीचे मोठे प्रकाशक डायमंड या वितरकाकडे गेले, १९९६मध्ये कॅपिटल सिटी हा मोठा वितरकही डायमंडने घेतला. या ओढाताणीत हजारो दुकानं बंद झाली. २७ डिसेंबर १९९६ला मार्व्हलने दिवाळखोरीसाठी अर्ज केला. खप घसरला, छपाई कमी झाली. इथपर्यंत सगळं बरोबर. पुढचं मात्र बरोबर नाही.

पहिला दावा आकड्यांचा. "या अंकाच्या फक्त एवढ्याच प्रती छापल्या" असं छातीठोकपणे सांगितलं जातं, पण तो आकडा छपाईचा नसतोच. डायमंड त्या काळात प्रतींची संख्या जाहीर करत नसे. 'बॅटमॅन'च्या मासिक अंकाला १०० धरून बाकीच्या अंकांचा निर्देशांक देत असे, आणि त्यावरून अभ्यासकांनी आकडे काढले. तेही उत्तर अमेरिकेतल्या कॉमिक्सच्या दुकानांनी नोंदवलेल्या आगाऊ मागणीचे. अंतिम मागणीचे आकडे २००३पासून येऊ लागले. त्यात न्यूजस्टँडच्या प्रती नाहीत, वर्गणीदारांच्या नाहीत, नंतरच्या फेरमागण्या नाहीत. मागणी कमी होती एवढं त्यावरून कळतं. "जगात इतक्याच प्रती आहेत" हे कळत नाही. शिवाय 'कमी' हा शब्दही जपून वापरायला हवा. पडत्या काळातही 'अनकॅनी एक्स-मेन'ची मागणी महिन्याला लाखाच्या वर होती. ८० लाखांच्या शेजारी लाख लहान दिसतो, म्हणून तो अंक दुर्मीळ ठरत नाही.

दुसरा दावा सगळ्याच्या मुळाशी आहे: थोडं छापलं, म्हणजे थोडं उरलं. कॉमिक्सचा इतिहास याच्या अगदी उलट सांगतो. सुपरमॅनचं पदार्पण झालेला 'अ‍ॅक्शन कॉमिक्स'चा पहिला अंक १९३८मध्ये जवळपास दोन लाख छापला गेला. आज त्याच्या शंभरेक प्रती उरल्या असाव्यात असा अंदाज आहे. बाकीच्या गेल्या कुठे? मुलांनी वाचल्या, एकमेकांना दिल्या, फाडल्या. घरच्यांनी टाकून दिल्या. दुसऱ्या महायुद्धात कागद गोळा करण्याच्या मोहिमांमध्ये गठ्ठेच्या गठ्ठे रद्दीत गेले. दुर्मिळता आली ती नाशातून. १९९८चा अंक विकत घेणारा माणूस मुळात वेगळा होता. दुकानात हौसेने जाऊन, आधी नाव नोंदवून घेणारा. घरी नेल्याबरोबर त्याने अंक प्लॅस्टिकच्या पिशवीत घातला, मागे पुठ्ठा लावला आणि खोक्यात उभा ठेवला. तीस हजार प्रती मागवल्या गेल्या असतील, तर त्यातला मोठा हिस्सा आजही कुठल्या ना कुठल्या खोक्यात चांगल्या अवस्थेत उभा असणार.

आणि उरलेल्या प्रती थोड्या असल्या, तरी त्या हव्या असणारं कोणी लागतं. मार्व्हलच्या 'व्हॉट इफ' मालिकेचा १०५वा अंक घ्या, फेब्रुवारी १९९८चा. पीटर पार्करची, म्हणजे स्पायडर-मॅनची, मुलगी मे, म्हणजे स्पायडर-गर्ल, यात पहिल्यांदा आली. याची किंमत चढी आहे आणि प्रत्येक यादीत "कमी छपाईचा पुरावा" म्हणून हाच अंक पुढे केला जातो. मग त्याच मालिकेचे १०४ आणि १०६ हे अंक बघा. तेच प्रकाशक, तीच दुकानं, तोच पडता बाजार. ते किरकोळ भावात मिळतात. छपाईमुळे भाव चढत असता तर तिन्ही सारखे चढले असते. चढला तो मे पार्करमुळे. तिची स्वतंत्र मालिका १९९८मध्ये सुरू झाली, बंद करण्याची घोषणा पुन्हा पुन्हा होऊनही वाचकांच्या आग्रहाने टिकली आणि २००६मध्ये शंभराव्या अंकापर्यंत पोचली. तो भाव त्या वाचकांनी तयार केला आहे.

प्रमाणपत्रवाल्या मर्यादित मुखपृष्ठांबद्दल फार लिहायची गरज नाही. "१५०० पैकी अमुक क्रमांकाची प्रत" असं छापलेली वस्तू जपून ठेवण्यासाठीच विकली गेली, त्यामुळे पंधराशेच्या जवळपास पंधराशे आजही सुखरूप असतात. आतला मजकूर साध्या अंकाचाच.

परत मागवलेल्या अंकांचं प्रकरण जास्त गुंतागुंतीचं आहे, कारण इथे दावा कधी खरा ठरतो, कधी साफ खोटा. 'वुल्व्हरिन'च्या १३१व्या अंकात, नोव्हेंबर १९९८च्या, एका चुकीमुळे ज्यूंना हिणवणारा शब्द छापला गेला. मार्व्हलने अंक परत मागवला आणि दुरुस्त आवृत्ती काढली. पण तोवर अंक दुकानांत पोचून बऱ्याच प्रती विकल्या गेल्या होत्या, आणि परत मागवल्याची बातमी ऐकून कोण प्रत परत करतं? तो अंक शोधणाऱ्याला आजही सहज मिळतो. "रिकॉल" एवढा शब्द लावून चढ्या किमतीला विकणाऱ्याकडून तो घेऊ नका.

सुपरमॅन-बॅटमॅन छापणाऱ्या डीसी या प्रकाशनसंस्थेचा १९९९चा 'एल्सवर्ल्ड्स ८०-पेज जायंट' मात्र खरोखर दुर्मीळ आहे. त्यात काइल बेकर आणि लिझ ग्लास यांची एक विनोदी गोष्ट होती: तान्ह्या क्लार्क केंटला, म्हणजे लहानग्या सुपरमॅनला, सांभाळायला आलेली मुलगी आणि तिची त्या एका रात्रीत उडालेली त्रेधातिरपीट. बाळ मायक्रोवेव्हमध्येही शिरतं. प्रकाशक पॉल लेव्हिट्झ यांना ते खटकलं आणि अमेरिकेतल्या प्रतींचा लगदा करण्यात आला. इंग्लंड-युरोपकडे आधीच रवाना झालेल्या थोड्या प्रती तेवढ्या वाचल्या. इथे नाश झाला, तोही विक्रीच्या आधी, म्हणून दुर्मिळता आली. आणि वाचकांना गोष्ट हवी होती: २०००मध्ये तिला सर्वोत्तम लघुकथेचा आयस्नर हा कॉमिक्सचा मानाचा पुरस्कार मिळाला. डीसीने ती २००१मध्ये 'बिझारो कॉमिक्स' या संग्रहात छापली, पुढे अख्खा अंकही पुन्हा काढला. म्हणजे ज्याला ती वाचायची आहे त्याने मूळ प्रतीसाठी खिसा रिकामा करण्याचं कारण नाही.

न्यूजस्टँड प्रतींबद्दल यादी बरीचशी बरोबर आहे. दुकानांतल्या प्रती परत घेतल्या जात नसत. न्यूजस्टँडवरच्या न खपलेल्या प्रती हिशोबात परत जमा होऊन नष्ट व्हायच्या. खपलेल्या प्रती लोकांनी वाचायला घेतलेल्या, त्यामुळे कोपरे मुडपलेल्या. चांगल्या अवस्थेतली प्रत मिळणं खरंच अवघड आहे. फक्त "एकूण छपाईच्या इतके टक्के" म्हणून जे आकडे फिरतात ते विक्रेत्यांचे ढोबळ अंदाज आहेत, मोजणी नव्हे. घेणार असाल तर बारकोड बघायला शिका. त्या काळातल्या मार्व्हलच्या दुकानातल्या प्रतीवर बारकोडच्या चौकटीत 'डायरेक्ट एडिशन' असं लिहिलेलं असतं आणि शेजारच्या छोट्या पट्टीत पाच आकडे असतात. न्यूजस्टँडच्या प्रतीवर ते शब्द नसतात आणि छोट्या पट्टीत दोनच आकडे असतात. विक्रेत्याने मागच्या मुखपृष्ठाचे दहा फोटो पाठवले, तरी पुढच्या मुखपृष्ठावरच्या त्या चौकटीचा जवळून काढलेला फोटो मागा.

"सीजीसीच्या नोंदीत या अंकाच्या चारच ९.८ (दहापैकी, म्हणजे जवळजवळ निर्दोष) प्रती आहेत, म्हणजे जगात चारच" हा युक्तिवाद तर सर्वांत घातक आहे. ग्रेडिंग करणारी, म्हणजे प्रतीची अवस्था तपासून तिला गुण देणारी, ही कंपनी २०००मध्ये सुरू झाली आणि तिच्या नोंदीत फक्त तिच्याकडे पाठवलेल्या प्रती असतात. ज्या अंकाची किंमत ग्रेडिंगच्या शुल्काइतकीही नाही तो कोण पाठवेल? त्या नोंदीतला लहान आकडा बहुतेक वेळा एवढंच सांगतो की आजवर कोणाला पर्वा नव्हती. भाव चढला की खोकी उघडतात आणि तोच आकडा झपाट्याने वाढतो. चार बघून घेतलेल्याच्या हातात मग चारशेपैकी एक प्रत उरते.

राहिले शेवटचे अंक आणि "उघडू नका" हा सल्ला. मला सर्वांत जास्त राग याचाच येतो. बंद पडणाऱ्या मालिकेचे अखेरचे अंक थोडे निघतात, मान्य. व्हॅलियंट या प्रकाशनसंस्थेच्या जुन्या मालिकांचे १९९६चे अंक, १९९७मध्ये थांबलेल्या माइलस्टोनचे शेवटचे अंक शोधावे लागतात. पण माइलस्टोन म्हणजे कृष्णवर्णीय लेखक-चित्रकारांनी उभी केलेली, हक्क स्वतःकडे ठेवून डीसीमार्फत वितरण करणारी प्रकाशनसंस्था. 'स्टॅटिक'चा शेवटचा, ४५वा अंक आधीचे ४४ न वाचता पिशवीत बंद करून ठेवला, तर तुमच्याकडे नेमकं काय आलं?

क्रिस्टोफर प्रीस्ट आणि मार्क ब्राइट यांची 'क्वांटम अँड वुडी' ही १९९७ची मालिका तर भराभर वाचायलाच हवी. १७व्या अंकानंतर ती थांबली. १९९९मध्ये परतली तेव्हा दुकानात थेट ३२वा अंक आला, जणू मधल्या काळात मालिका चालूच होती आणि आपलेच अंक हुकले. त्यानंतर १८ ते २१ आले आणि मालिका पुन्हा बंद पडली. यादीत तुम्हाला फक्त "२१वा, कमी छपाई, घेऊन ठेवा" एवढंच दिसेल. पहिल्या अंकापासूनचा सुटा संच कोणी एकत्र देत असेल तर तो घ्या, कोपरे मुडपलेले असले तरी चालतील, आणि ३२वा अंक १७ आणि १८च्या मध्ये ठेवून वाचा.