हुकूमनामा मिळाल्यावर पुढे काय?

दिवाणी न्यायव्यवस्था सुधारायची म्हटलं की सगळ्यांची नजर दाव्याच्या तारखांवर जाते. 2002 मध्ये दिवाणी प्रक्रिया संहितेत मोठे बदल लागू झाले. प्रतिवादीनं कैफियत, म्हणजे दाव्याला लेखी उत्तर, 30 दिवसांत द्यायची, फार तर 90. तारीख पुढे ढकलायला एका पक्षकाराला तीनपेक्षा जास्त मुदती नाहीत. सरतपास, म्हणजे साक्षीदाराची पहिली साक्ष, शपथपत्रावर. चांगले बदल होते. पुढे सर्वोच्च न्यायालयानं 90 दिवसांची अट बंधनकारक नाही असं ठरवलं, आणि मुदतीचे अर्ज होते तसेच चालू राहिले. पण मला बोलायचंय ते निकालानंतरचं.

आमच्या वडिलांच्या वाटपाच्या दाव्याचा निकाल लागला तेव्हा घरात पेढे आले होते. वकीलसाहेबांनी पेढा घेतला आणि म्हणाले, "आता दरखास्त टाकू." दरखास्त म्हणजे हुकूमनाम्याची, कोर्टाच्या निकालाच्या आदेशाची, अंमलबजावणी करून मागणारा अर्ज. सारा भरणाऱ्या शेतजमिनीचे तुकडे कोर्ट स्वतः पाडत नाही. त्याच संहितेच्या कलम 54 प्रमाणे कागद जातो जिल्हाधिकाऱ्यांकडे, तिथून तहसीलदारांकडे, मग मोजणीला भूमी अभिलेखकडे. पुढे वाटपाचा तक्ता, त्यावर हरकती, आणि नशिबात असेल तर ताबा. मोजणीच्या दिवशी एक भाऊबंद आला नाही की पुन्हा नोटीस. वडील प्रत्येक खेपेला हुकूमनाम्याची नक्कल पिशवीत घालून न्यायचे. घड्यांवर ती फाटत गेली, आई मागून चिकटपट्टी लावत गेली. शेवटी शिक्क्यावरची अक्षरंही पट्टीखाली पिवळी पडली.

यात नवीन काहीच नाही. हिंदुस्थानात पक्षकाराच्या अडचणी हुकूमनामा मिळाल्यावर सुरू होतात, असं प्रिव्ही कौन्सिलनं, म्हणजे ब्रिटिश काळातल्या सर्वांत वरच्या अपील न्यायालयानं, 1872 मध्येच म्हटलंय. 2021 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, दरखास्त 6 महिन्यांत निकाली काढा, उशीर झाला तर कारण लेखी द्या. पण कागद कोर्टाबाहेर महसूल खात्यात गेला की तिथल्या टेबलावर ही मुदत कोण मोजतं?

व्यापारी दाव्यांसाठी 2015 मध्ये वेगळा कायदा झाला. तिथे 120 दिवसांनंतर कैफियत घेतच नाहीत, आणि ती अट पाळलीही जाते. म्हणजे मनात आणलं तर जमतं. मग दोन एकरांच्या वाटपाला का नाही? कलम 54 च्या कामाला कायद्यातच मुदत घाला. ती टळली तर कोर्टाला स्वतः कमिशनर, म्हणजे आपला प्रतिनिधी, नेमून मोजणी करून घेऊ द्या. कोर्टाचे आदेश बजावणाऱ्या बेलीफांच्या रिकाम्या जागा भरा.

वडील गेले तेव्हा मोजणीची चौथी नोटीस आली होती. दरखास्तीत वारस म्हणून आता आईचं आणि माझं नाव लागलंय. पुढची तारीख जूनमध्ये आहे, आणि पेरणीनंतर मोजणी होत नाही.