‘निवड’ नव्हे, सोडत

आज मंडळाच्या हळदीकुंकवात एका ताईंनी माझ्या मुलीच्या पाठीवरून हात फिरवत चारचौघींत सांगितले, “हिची चार्टर शाळेत निवड झाली होती, हुशारच आहे पोर!” मी हसून वाण घेतले आणि गप्प बसले. घरी आल्यापासून मात्र तो ‘निवड’ शब्द मनात सलतो आहे.

निवड कसली? इथे अमेरिकेत, मॅसॅच्युसेट्समध्ये तिच्या शाळेला प्रवेशपरीक्षा नव्हती, मुलाखत नव्हती, फी नव्हती. भावंडांचे आणि गावातल्या मुलांचे प्राधान्य सोडले तर होती ती फक्त सोडत. त्या संध्याकाळी आम्ही शाळेच्या जिममध्ये घडीच्या खुर्च्यांवर बसलो होतो आणि एक बाई चिठ्ठ्या काढून नावे वाचत होत्या. जागा संपल्या तरी वाचन चालूच राहिले. माझी मुलगी प्रतीक्षा यादीत ४१ वी आली आणि शेजारच्या खुर्चीवरच्या बाईंचा मुलगा ४२ वा. वाट पाहून कंटाळलेल्या माझ्या मुलीला त्याने नुकताच अर्जाच्या कागदाचा बेडूक करून दिला होता.

‘चार्टर म्हणजे महागडी खासगी शाळा’ हे ऐकून तर माझे डोके फिरते. चार्टर म्हणजे सनद. आपल्याकडची अनुदानित शाळा डोळ्यांसमोर आणा: पैसा सरकारचा, कारभार संस्थेचा. फरक एवढाच की ही सनद वंशपरंपरागत इनामासारखी नसते. आमच्या राज्यात ती पाच वर्षांची असते, आणि मुदत संपताना निकाल व हिशेब समाधानकारक नसतील तर राज्याचे शिक्षण मंडळ ती काढून घेऊ शकते. शिक्षक कोण नेमायचे, शाळेचा दिवस किती तासांचा ठेवायचा, हे शाळा ठरवते, पण राज्याची परीक्षा सर्वांना तीच. पहिला कायदा १९९१ मध्ये मिनेसोटात झाला, आमच्याकडे १९९३ मध्ये. गंमत म्हणजे १९८८ मध्ये या कल्पनेचा जाहीर पुरस्कार करणारे ॲल्बर्ट शँकर स्वतः शिक्षक संघटनेचे अध्यक्ष होते, आणि पुढे तेच तिच्यावर टीका करू लागले.

विरोधकांचे एक म्हणणे मला मान्य करावे लागते: मूल चार्टर शाळेत गेले की त्याच्यामागे सरकारी पैसाही तिकडे जातो, पण चार मुले गेली म्हणून जुन्या शाळेची बस किंवा तिथले हीटिंग स्वस्त होत नाही. राज्यातल्या चार्टर शाळांच्या संख्येवरची मर्यादा वाढवण्याचा प्रस्ताव २०१६ च्या सार्वमतात साधारण ६२ टक्के मतदारांनी फेटाळला. मी बाजूने मत दिले होते, आणि निकालाच्या रात्री शेजाऱ्यांवर चिडलेही होते. आज तितकी चीड येत नाही.

कारण ऑगस्टमध्ये शाळेचा फोन आला. कुणाचे तरी कुटुंब टेक्सासला गेले आणि आमच्यापर्यंत यादी सरकली. आमच्यापर्यंतच. पुढे दुकानात त्या बाई भेटल्या तेव्हा त्यांनीच आपणहून विचारले आणि मनापासून अभिनंदन केले, आणि मला मात्र त्यांच्या मुलाची चौकशी करायचेही सुचले नाही, कारण ४२ वा नंबर लागला नव्हता हे मला ठाऊक होते. तो मुलगा माझ्या मुलीपेक्षा काडीनेही कमी हुशार नव्हता. तसा बेडूक तिला अजूनही जमत नाही.

ताई, ही पोस्ट तुमच्यापर्यंत पोहोचेलच. रागावू नका, पण पुढच्या वेळी चारचौघींत सांगाल तेव्हा ‘हिचा नंबर लागला’ एवढेच म्हणा.