दोन वर्षं थांबा, वीजबिल माफ? कलम पूर्ण वाचा

‘वीजबिल दोन वर्षं भरू नका, कलम 56(2) प्रमाणे आपोआप माफ होतं’ हा मेसेज काल आत्याने पाठवला. खाली तिचा प्रश्न: “मग मी मागच्या महिन्याचं उगाच भरलं का रे?” आता मात्र हद्द झाली.

वीज कायदा 2003 मध्ये हे कलम आहे, दोन वर्षांचा उल्लेखही आहे. पण मेसेज रचणाऱ्याने वाक्य अर्ध्यावरच छाटलंय. पुढे म्हटलंय की ती रक्कम वसूल व्हायची थकबाकी म्हणून सतत दाखवलेली असेल, तर ही मुदत लागू नाही. महावितरणचं कुठलंही बिल काढा. ‘निव्वळ थकबाकी’ अशी ओळ दिसेल. न भरलेला आकडा दर महिन्याला तिथे येऊन बसतो, शिवाय विलंब आकार 1.25 टक्के आणि पुढे व्याज. म्हणजे माफीची वाट बघत तुम्ही बसा, दोन वर्षांनी हातात पडेल ते फुगलेलं बिल!

बरं, एखादी रक्कम दाखवायची खरंच राहून गेली, तरी ती ‘माफ’ कशी? के. सी. निनान विरुद्ध केरळ राज्य वीज मंडळ या 2023 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगून टाकलंय की दोन वर्षांची अट वीज तोडण्यापुरती आहे, दिवाणी दावा लावून वसुली करता येतेच. मेसेजमधला ‘घर विकलं की थकबाकी गेली’ हा मुद्दाही तिथेच निकालात निघाला. नियमांत तरतूद असेल तर जुन्या मालकाची थकबाकी नव्याकडे मागता येते. फ्लॅट घेणाऱ्यांनो, शेवटचं बिल मागून घ्या.

मेसेज पुढे म्हणतो, ‘15 दिवसांच्या नोटिशीशिवाय वीज तोडता येत नाही.’ हे बरोबर, मान्य. नोटीस लेखीच लागते. पण सोळाव्या दिवसाचं काय?

मेसेजमधलं ‘सरकारने सगळ्यांचं माफ केलं’ हे 2024 च्या बळीराजा मोफत वीज योजनेवरून उचललंय. ती साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या शेतीपंपांना आहे, आत्याच्या फ्रिजला नाही.

गंमत म्हणजे कामाची गोष्ट त्याच कलम 56 मध्ये आहे आणि मेसेजमध्ये नेमकी तीच नाही. बिल चुकीचं वाटत असेल तर मागितलेली रक्कम किंवा मागच्या सहा महिन्यांच्या सरासरीने येणारी रक्कम, यातली कमी असेल ती हरकत नोंदवून भरायची. वाद मिटेपर्यंत वीज तोडता येत नाही.