कोयलीच्या गॅसने जमीन पोखरणार? त्या फॉरवर्डला उत्तर

आमच्या दांडिया बाजारातल्या ग्रुपवर दोन दिवसांत तिसऱ्यांदा तोच मेसेज आलाय. वडोदऱ्याजवळच्या कोयली रिफायनरीचा कार्बन डायऑक्साइड भरूचकडच्या गंधारच्या तेलविहिरींत सोडणार, तिथे त्याचं ॲसिड होणार, खडक विरघळून पोकळ होणार, जमीन खचणार आणि एक दिवस कॅमेरूनसारखी माणसं झोपेत मरणार. योजना खरी आहे, ओएनजीसी आणि इंडियन ऑइलचा २०१९ मध्ये सामंजस्य करार झालाय. बाकीचं एकेक बघू.

ॲसिड होतं, बरोबर. गॅस पाण्यात विरघळला की सोडावॉटरसारखं सौम्य ॲसिड तयार होतं, पण सगळे दगड त्याला सारखे बधत नाहीत. मी काल कोटा फरशीच्या उरलेल्या तुकड्यावर लिंबू पिळलं, तर बारीक फेस आला आणि पुसल्यावर पॉलिश गेलेला पांढुरका डाग राहिला, कारण कोटा म्हणजे चुनखडी. बाजूलाच बांधकामाची ओरसंग नदीची वाळू पडली होती, तिच्यावर पिळलं तर काहीच नाही. गंधारचं तेल हझाड वाळूखडकात आहे, म्हणजे कणाकणांमधल्या छिद्रांत, आणि गॅसही तिथेच जाणार, एखाद्या गुहेत नाही. त्या खडकातलं क्वार्ट्ज, म्हणजे वाळूचं मुख्य खनिज, जवळपास तसंच राहतं, फेल्डस्पार हे दुसरं खनिज फार हळू बदलतं, चुन्याचा अंश असेल तो विरघळतो पण विरघळताना ॲसिडचा जोरही तोच कमी करतो.

जमीन खचणार म्हणे, खरं तर उलट होतं. गॅस भरला की दाब वाढतो आणि जमीन किंचित वर येते, अल्जीरियात इन सालाहला असाच गॅस भरला तेव्हा उपग्रहांनी वर्षाला काही मिलिमीटर उचल मोजली. तिथे २०११ मध्ये भरणं थांबवलं, कारण गॅस अडवणाऱ्या वरच्या झाकणखडकात दाबाने भेगा उघडल्याची शंका आली, म्हणजे काळजी करायची तर दाबाची करा.

कॅमेरूनचं न्योस तर तळं आहे हो! ज्वालामुखीचा गॅस तळाच्या पाण्यात विरघळून साठला होता, १९८६ मध्ये पाणी उलटलं आणि सुमारे १७०० माणसं गेली. त्या गॅसवर फक्त पाणी होतं, इथे कानवा शेलचा, म्हणजे चिखलापासून बनलेल्या घट्ट खडकाचा थर आहे, ज्याची छिद्रं इतकी बारीक की त्यातलं पाणीच गॅसला आत शिरू देत नाही. साधारण ८०० मीटरच्या खाली हा गॅस दाबाने द्रवासारखा घट्ट होतो, कमी जागेत मावतो. नॉर्वेच्या समुद्रात स्लाइपनरला १९९६ पासून असाच शेलखाली भरलाय.

मेसेजमध्ये नाही ती भीती मला जास्त वाटते, ती म्हणजे जुन्या विहिरी. अंकलेश्वरला १९६० मध्ये तेल लागलं, तेव्हापासून आपल्या या पट्ट्यात किती भोकं पाडली असतील, आणि शेल कितीही चांगला असला तरी प्रत्येक विहीर त्याच्या आरपार जाते. तिथलं सिमेंट आणि लोखंडी केसिंग, म्हणजे विहिरीला आतून बसवलेला पाइप, यांनाच हे ॲसिड खातं. अमेरिकेत डेकॅटरला असाच गॅस जमिनीत भरतात, तिथे २०२४ मध्ये गळती उघड झाली ती निरीक्षण विहिरीच्या गंजलेल्या नळीतून, खडकातून नाही. तेव्हा सुनावणी झाली तर तिथे हे विचारा, की गॅस पसरेल तेवढ्या भागात बंद केलेल्या विहिरी किती, त्यांचं सिमेंट शेवटचं कधी तपासलं, आणि दाब किती चढला की भरणं थांबवणार.