हेंपची चॉकलेटं बिनधास्त विका म्हणणाऱ्यांना

बेळगाव, निपाणी, खानापूरच्या दुकानदारांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय, की 2021 ला एफएसएसएआयनं (केंद्राची अन्न सुरक्षा संस्था) भांग पास केली, कर्नाटक हायकोर्टानं पण ड्रग नाही म्हटलं, तवा हेंपची, म्हणजे भांगेच्या झाडाची, चॉकलेटं, गमी, गोळ्या पानपट्टीवर बिनधास्त ठेवा. अर्धवट वाचून केलेलं काम आहे हे.

2021 ला परवानगी मिळाली ती फक्त बियांना. बी, बियांचं तेल, बियांचं पीठ, बस्स. त्यातही किलोमागं टीएचसी (नशा आणणारा घटक) बियांत 5 आणि तेलात 10 मिलिग्रॅमच्या वर गेलं की माल बाद, आणि पाकिटावर त्या झाडाच्या पानाचं चित्र छापायलाच बंदी आहे, म्हणजे हिरवं पान मिरवणारं पाकीट स्वतःच सांगतंय मी नियमात नाही म्हणून. बियांची चटणी विकायची असेल तर फूड लायसन्स काढून खुशाल विका, उत्तराखंडच्या कुमाऊँत लोक ती कधीपासून खातात.

हायकोर्टाचं म्हणाल तर ऑगस्ट 2022 चा तो जामिनाचा आदेश होता, 29 किलो भांगेच्या केसमधला. नुसतं पान, म्हणजे भांग, एनडीपीएसच्या (केंद्राचा अमली पदार्थ कायदा) व्याख्येत बसत नाही हे खरंच आहे, पण जामीन म्हणजे विक्रीचं लायसन्स नव्हे, आणि राज्याचा एक्साइज कायदा कुठं गेला?

आता खरी गोम वजनात आहे आणि मेसेजवाल्यानं नेमकी तीच गाळली. चॉकलेटात पानाऐवजी गांजा (त्याच झाडाचे फुलोरे) निघाला तर कायदा मिश्रणालाही धरतो, आणि 2020 मध्ये सुप्रीम कोर्टानं सांगितलंय की शुद्ध ड्रग किती ते नाही, त्यात मिसळलेल्या बाकीच्या मालासकट सगळं वजन मोजायचं. म्हणजे साखर, कोको सगळं तुमच्या नावावर! गांजाला 1 किलोपर्यंत एक वर्षापर्यंत शिक्षा, त्याच्या वर 10 वर्षांपर्यंत, 20 किलोच्या वर किमान 10. चरस (त्या झाडाचा चीक) निघाला तर ती पहिली हद्द 100 ग्रॅमवरच संपते. दोन-चार खोकी ठेवणाऱ्यानं हिशेब करावा. आत पान आहे का गांजा ते लॅब सांगणार, सप्लायर नाही, आणि रिपोर्ट येईपर्यंत आत कोण बसणार ते सांगायला नको. 2023 ला मंगळूर पोलिसांनी दुकानांतून असलीच चॉकलेटं उचलली होती.

"आयुर्वेदिक आहे" ह्यात थोडं तथ्य आहे, आयुर्वेदिक औषध विकायला दुकानदाराला वेगळं ड्रग लायसन्स लागत नाही. पण भांग विषारी द्रव्यांच्या शेड्यूल ई-1 मध्ये येते, म्हणून बनवणाऱ्याकडं लायसन्स आणि लेबलावर वैद्यकीय देखरेखीखाली घ्यायची सूचना पाहिजेच. गोळीच्या डब्यावर बॅच नंबर नाही, लायसन्स नंबर नाही, नुसता महादेवाचा फोटो, ह्याला औषध कोण म्हणणार?

ऑनलाइन मिळतं म्हणून लीगल, ह्यावर काय बोलायचं.

राहिलं ते "कोगनोळी टोल ओलांडून महाराष्ट्रात गेलं की टेन्शन नाही". उलट आहे बगा. महाराष्ट्राच्या 1949 च्या दारूबंदी कायद्यात भांगेचं नाव घेऊन लिहिलंय, तिकडं कागलात नुसतं पान बाळगायलाही लायसन्स लागतं.